‘गाडी गरम होत नाही’ : जुन्या डिझेल जीपगाड्यांतील इंजिनाचे सावकाश तापणे

१. प्रकृती आणि विकृती

डिझेलवर चालणाऱ्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या बाबतीत एक अनुभव वारंवार येतो. थंडीच्या दिवसांत सकाळी इंजिन सुरू केले आणि गाडी पाच-दहा मिनिटे तशीच उभी ठेवली, तरी तापमान दाखविणारा काटा जागचा हलत नाही. गाडी रस्त्यास लागली म्हणजे तो सावकाश वर चढू लागतो. ब्रिटनमधील लँड रोव्हर गाड्यांच्या चालकांना ही गोष्ट विशेष परिचित आहे. निफाड-नाशिककडील थंडीत महिंद्र कंपनीची जुनी डिझेल जीप चालविणाऱ्यांनाही ती अपरिचित नाही.

या एका अनुभवात वस्तुतः दोन भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या असतात. इंजिन सावकाश तापणे ही एक, आणि कितीही वेळ चालले तरी ते योग्य तापमानास न पोहोचणे ही दुसरी. पहिली डिझेल इंजिनाची प्रकृती होय. दुसरी विकृती होय. प्रकृतीवर उपचार करू नयेत आणि विकृतीकडे दुर्लक्ष करू नये, हे तत्त्व जितके वैद्यकात तितकेच येथेही लागू पडते. परंतु व्यवहारात नेमके उलट घडताना दिसते. त्यास जशी यांत्रिक कारणे आहेत, तसे एक भाषिक कारणही आहे. ‘गाडी गरम होत नाही’ हे मराठी वाक्य त्या विकृतीचे अचूक वर्णन करते. पण ऐकणारा ते गाडीची प्रशंसा म्हणून ऐकतो. या वाक्याचा विचार करण्यापूर्वी इंजिनाचा विचार करणे आवश्यक आहे.

२. डिझेल इंजिनास उष्णता कमी का मिळते

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण जवळजवळ ठरलेले असते : वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा. इंजिन मंद चालवावयाचे असेल तर आत येणारी हवाच झडपेने अडवावी लागते. डिझेल इंजिनात अशी अडवणूक नसते. प्रत्येक फेऱ्यात सिलिंडर हवेने पूर्ण भरतो आणि शक्ती कमी-अधिक करावयाची ती केवळ इंधनाचे प्रमाण बदलून. त्यामुळे उभ्या गाडीतील मंद चालणाऱ्या डिझेल इंजिनात एक भाग इंधनास साठ-सत्तर भाग किंवा त्याहूनही अधिक हवा असते. थोडेसे इंधन पुष्कळशा थंड हवेत जळते, आणि जी उष्णता निर्माण होते तिच्यातील मोठा वाटा ही अतिरिक्त हवाच आपल्याबरोबर धुराड्यातून बाहेर नेते.

दुसरे कारण कार्यक्षमतेचे. डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या वीस पटींच्या आसपास दाबली जाते. इतक्या दाबामुळे इंधनातील उष्णतेचा अधिक अंश कामात रूपांतरित होतो आणि म्हणून वाया जाणारा अंश कमी राहतो. इंजिनाभोवतीचे पाणी तापते ते या वाया जाणाऱ्या उष्णतेनेच. इंजिन जितके काटकसरी, तितके ते सावकाश तापणार, हे यावरून उघड होते.

या नियमाचा प्रत्यय खुद्द डिझेल इंजिनांच्या दोन प्रकारांची तुलना केली असता येतो. जुन्या लहान डिझेल इंजिनांत इंधन प्रथम हेडमधील एका छोट्या कोठडीत फवारले जाई आणि तेथे पेटून मग सिलिंडरमध्ये येई. इंग्लंडमधील हॅरी रिकार्डो यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘कॉमेट’ या नावाने अशा कोठडीची रचना केली, आणि पुढे तिचा प्रसार फार मोठ्या प्रमाणावर झाला. १९५७ पासून लँड रोव्हरमध्ये बसविलेली आरंभीची डिझेल इंजिने याच कुळातील होत. महिंद्र कंपनीच्या एमएम ५४० या जीपमधील, प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनविलेले २,११२ घन सेंटिमीटरचे इंजिनही कोठडीचेच. कोठडीच्या भिंतींचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे तेथे पुष्कळ उष्णता पाण्यात जाते. म्हणून अशी इंजिने थंडीत सुरू होण्यास कष्ट देतात, त्यांना हीटर प्लगची गरज लागते आणि त्यांना डिझेलही अधिक लागते. पण एकदा सुरू झाली म्हणजे ती तुलनेने लवकर तापतात.

१९८९ साली लँड रोव्हर कंपनीने जे २,४९५ घन सेंटिमीटरचे ‘टीडीआय’ इंजिन आणले, त्यात ही कोठडी नव्हती. इंधन सरळ पिस्टनच्या माथ्यावरील खळग्यात फवारले जाई. डिझेलचा खर्च घटला, आणि त्याबरोबरच गाडीच्या आत ऊब येण्यास लागणारा वेळ वाढला. १९९८ मध्ये आलेल्या ‘टीडी ५’ या पुढच्या इंजिनाच्या काळात तर थंड देशांतील ग्राहकांसाठी, पाणी तापविण्याकरिता डिझेल जाळणारी एक स्वतंत्र छोटी भट्टी पर्याय म्हणून उपलब्ध करण्यात आली. इंजिनाची वाया जाणारी उष्णता ऊब देण्यास पुरेनाशी झाली, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

३. एक अजमास

या सर्व गोष्टींचे परिमाण ध्यानात यावे म्हणून एक ढोबळ हिशेब मांडता येईल. बीडाचा ब्लॉक, हेड व त्यांस जोडलेले भाग मिळून १५० किलोग्रॅम धातू, १० लिटर पाणी आणि ६ लिटर तेल असलेले एक इंजिन कल्पावे. एक किलोग्रॅम बीड एक अंशाने तापविण्यास सुमारे ०.४६ किलोज्यूल उष्णता लागते, पाण्यास ४.२ आणि तेलास सुमारे २. या मानाने संपूर्ण इंजिनाचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे १२० किलोज्यूल लागतील. सकाळच्या १० अंश सेल्सियसपासून ८५ अंशांपर्यंत, म्हणजे ७५ अंश चढण्यास ९,००० किलोज्यूल हवेत.

एक लिटर डिझेल जळाले असता सुमारे ३६,००० किलोज्यूल उष्णता निघते. म्हणजे सर्वच्या सर्व उष्णता इंजिनात राहिली, तर केवळ पाव लिटर डिझेल पुरे होईल. पण तसे होत नाही. उभ्या गाडीत इंजिन तासाला ०.६ लिटर डिझेल जाळते आणि त्यातील चाळीस टक्के उष्णता इंजिनात राहते, असे धरले तर तासाला ८,६०० किलोज्यूलच्या आसपास उष्णता साठेल. याचा अर्थ असा की, इंजिन तापण्यास एक तासाहून थोडा अधिक काळ लागेल. आणि तोही बाहेरच्या थंड हवेत काहीच उष्णता जात नाही असे मानून. प्रत्यक्षात ती जातेच. म्हणून कडक थंडीत उभ्या गाडीचा काटा अर्ध्यावर येऊन थांबला, तर त्यात आश्चर्य नाही.

हेच इंजिन रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने धावताना तासाला ६ लिटर डिझेल जाळीत असेल आणि त्यातील एकतृतीयांश उष्णता पाण्यात व धातूत जात असेल, तर तासाला ७२,००० किलोज्यूल मिळतात आणि इंजिन साडेसात मिनिटांत तापते. प्रत्येक गाडीचे आकडे निराळे असतील. परंतु दोन्ही उत्तरांतील अंतर इतके मोठे आहे की, निष्कर्ष बदलत नाही. डिझेल इंजिन उभ्याने तापत नाही. ते कामाने तापते.

४. गाडीच्या बांधणीचा वाटा

इंजिनाच्या प्रकृतीत गाडीच्या बांधणीची भर पडते. अशा गाड्या वाळवंटात, चढणीवर आणि मागे ओझे ओढताना सुरक्षित राहाव्यात या हेतूने बनविलेल्या असतात. म्हणून त्यांचा रेडिएटर मोठा असतो. जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर सरळ फिरतो. इंजिन थंड असो वा गरम, तो हवा खेचीतच राहतो. नंतरच्या काही गाड्यांत दाट द्रवाच्या योगाने फिरणारी जोडणी आली, तेव्हा गरज नसताना पंख्याची गती कमी होऊ लागली.

याशिवाय चारही चाकांना शक्ती पुरवावयाची म्हणजे गिअरबॉक्सच्या जोडीस ट्रान्सफर केस आणि पुढे-मागे दोन डिफरन्शियल आलेच. त्या सर्वांत दाट तेल असते आणि त्यांच्यापाशी ज्वलन नसते. ते तापते केवळ दातांच्या घर्षणाने. त्यामुळे काटा योग्य जागी आल्यावरही पुष्कळ वेळ गाडी जड वाटते आणि गिअर अडखळत पडतात. काटा सांगतो ते फक्त इंजिनातील पाण्याचे तापमान. संपूर्ण गाडीचे नव्हे. इंजिनातील तेलदेखील पाण्याच्या मागून बऱ्याच उशिराने तापते.

५. थर्मोस्टॅटचे कार्य

येथवर सांगितले ते प्रकृतीविषयी. विकृतीचा विचार करावयाचा तर तो बहुधा एका लहान भागापाशी येऊन थांबतो. तो भाग म्हणजे थर्मोस्टॅट, अथवा गॅरेजच्या भाषेत थर्मोस्टॅट वॉल्व्ह. त्यात मेणाने भरलेली धातूची एक डबी असते. ठरावीक तापमानास, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांस, मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे न जाता बगलेच्या आखूड मार्गाने इंजिनातच फिरत राहते. पाणी थंड होऊ लागले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप मिटविते. इंजिन सुरू झाल्यापासून लवकर तापावे आणि नंतर त्याचे तापमान एका मर्यादेत राहावे, ही दोन्ही कामे हा भाग बाहेरच्या कोणत्याही शक्तीवाचून करतो.

ही झडप उघडी राहून अडकली किंवा काढून टाकली, तर पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरू लागते. ज्यांच्या घरी पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब होता, त्यांना ही स्थिती सहज समजेल. बंबाखाली चार काटक्या घालावयाच्या, वरून गार पाणी ओतीत राहावयाचे आणि तोटीही उघडी ठेवावयाची; मग पाणी कोमटच येणार. घाटाच्या उतारावर हे विशेष दिसून येते. कसाऱ्याचा घाट गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पंप इंधन देणे थांबवितो. विस्तव जवळजवळ विझतो, पण पंखा आणि पाण्याचा पंप फिरतच असतात. थर्मोस्टॅट धड असेल तर तो अशा वेळी मिटतो आणि उष्णता राखून ठेवतो. तो नसेल तर काटा झपाट्याने खाली येतो.

परीक्षाही कठीण नाही. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपास, पंख्यापासून हात दूर ठेवून, अधूनमधून स्पर्श करावा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थोडक्या अवधीत गरम होतो. पाइप आरंभापासून इंजिनाबरोबर हळूहळू ऊन होत गेला, तर झडप उघडी आहे असे समजावे. पाइप चांगला गरम आणि काटा मात्र खालीच, असे आढळल्यास दोष काट्यात किंवा त्याच्या वायरीत असण्याचा संभव अधिक. खात्री करावयाची असल्यास थर्मोस्टॅट काढून तापमापकासह पाण्याच्या पातेल्यात तापवावा आणि तो कोणत्या अंशास उघडतो ते पाहावे.

६. कोमट इंजिनाचे परिणाम

इंजिन पन्नास-साठ अंशांवरच राहिले तर बिघडले कोठे, असा प्रश्न साहजिक आहे. गाडी चालते, पाणी उकळत नाही, कोणताही आवाज येत नाही. हानी होते ती संथपणे. १९३० च्या दशकात ब्रिटनमधील ‘इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनिअर्स’ या संस्थेच्या संशोधनातून असे दिसून आले की, सिलिंडरची झीज केवळ घर्षणाने होत नाही. भिंत थंड असताना ज्वलनातील वाफ तिच्यावर दव धरते आणि त्यातील आम्ले धातू खातात. डिझेलमध्ये गंधक असल्यास या आम्लांचा जोर वाढतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस ६’ दर्जाचे, दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा अधिक गंधक नसलेले डिझेल देशभर लागू झाले आहे. त्यामुळे गंधकाचा उपद्रव आज पुष्कळ घटला असला, तरी इतर परिणाम शिल्लक राहतातच. थंड भिंतीवर इंधन पुरते जळत नाही. न जळलेला भाग खाली तेलात उतरतो आणि तेल पातळ होते. तेलातील पाण्याचा अंश उडून जात नाही व गाळ जमू लागतो. पांढुरका धूर आणि डिझेलचा वाढता खर्च ही त्याची बाह्य लक्षणे होत. म्हणूनच सकाळी गाडी अर्धा तास उभ्याने चालू ठेवण्याची सवयही हिताची नाही. तिने इंजिन तापत तर नाहीच, उलट याच परिणामांना अवधी मिळतो.

७. दोष की प्रशंसा

असे असताना थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत उष्ण प्रदेशांत सर्रास आढळते. भारतातील गॅरेजांतही ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही’ हे समर्थन ऐकू येते. त्याचा उगम समजण्याजोगा आहे. झडप मिटलेल्या स्थितीत अडकली तर पाणी उकळते, हेड वाकते आणि मोठा खर्च येतो. ती काढली की हे एक भय संपते. परंतु अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या अंगास दुसरी चकती असते आणि मुख्य झडप उघडताच ती बगलेचा मार्ग बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर तो मार्ग कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटर टाळून परत इंजिनात येतो. परिणामी, हलक्या कामात जे इंजिन कोमट राहते तेच चढणीवर प्रमाणाबाहेर तापू शकते. ज्या भयाने भाग काढला, तेच भय दुसऱ्या वाटेने परत येते.

ही पद्धत टिकून राहण्यात भाषेचा वाटा किती आहे, हे पाहण्यासारखे आहे. पाण्याच्या उष्णतेसाठी मराठीत गार, कोमट, ऊन, गरम, कढत अशी शब्दांची सबंध उतरंड आहे. इंजिनाविषयी बोलताना मात्र ती दोनच पायऱ्यांवर येते : थंड आणि गरम. ‘तापणे’ या क्रियापदामागे तर ‘ताप’ या नामातील आजाराची छाया आहे. ‘गाडी तापली’ म्हटले की गाडी थांबवावयाची, एवढाच अर्थ. इंग्रजीतून आलेले ‘वॉर्म अप’ आणि ‘ओव्हरहीट’ हे शब्द दोन अवस्था निराळ्या दाखवितात. मराठी बोलण्यात त्या दोहोंसाठी ‘गरम होणे’ हा एकच प्रयोग चालतो, आणि अर्थभेदाचे काम काळ व प्रसंग यांवर पडते. ‘गाडी गरम होऊ द्या’ ही सकाळची सूचना आहे. ‘गाडी गरम झाली’ हे अंगणात ऐकले तर निघावयाचे आणि घाटात ऐकले तर थांबावयाचे. पण ‘गाडी गरम होते’ असा रीतिवाचक वर्तमानकाळ आला की तो नेहमी तक्रारीचाच असतो. साहजिकच त्याचे निषेधरूप, ‘गाडी गरम होत नाही’, हे तक्रारीचा अभाव, म्हणजेच प्रशंसा ठरते. जुनी गाडी विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य शोभते. आणि ज्याचे इंजिन खरोखरच योग्य तापमानास पोहोचत नाही, त्याला आपली तक्रार सांगावयास हेच वाक्य उरते. ऐकणाऱ्याने ‘मग चांगलेच आहे’ असे म्हणावे, यात नवल काय ?

शब्द नसल्यामुळे दोष निर्माण होतो, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. थर्मोस्टॅट अडकतो तो मेणामुळे आणि गंजामुळे. परंतु ज्या दोषास नाव नाही तो सांगता येत नाही, आणि सांगता न येणारा दोष दुरुस्त होण्यास विलंब लागतो, एवढे निश्चित. येथे नवा संस्कृत शब्द घडविण्याचीही आवश्यकता नाही. स्नानाच्या पाण्यासाठी घरोघरी वापरला जाणारा ‘कोमट’ हा शब्द या कामास पुरेसा आहे. ‘इंजिन कोमट राहते’ असे म्हटले, तर त्यात प्रशंसेचा भास उरत नाही आणि पुढील तपासाची दिशाही सूचित होते.

८. व्यवहारातील नियम

वरील विवेचनावरून काही साधे नियम निघतात. इंजिन सुरू झाल्यावर तेलाचा दाब येईपर्यंत आणि त्यानंतर अर्धा मिनिट थांबावे. मग गाडी हलक्या हाताने, मध्यम गतीने चालवावयास घ्यावी. काटा वर येईपर्यंत इंजिनावर पूर्ण भार टाकू नये. टर्बो असलेल्या गाडीत तर हे पथ्य अधिक काटेकोरपणे पाळावे. साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या प्रवासानंतरही काटा खालीच असेल, तर काटा आणि थर्मोस्टॅट यांची या क्रमाने तपासणी करावी, आणि नवा थर्मोस्टॅट त्याच इंजिनासाठी नेमलेल्या अंशांचा व बनावटीचा घालावा.

अति थंड प्रदेशांत धड इंजिनासही बाहेरून साहाय्य द्यावे लागते. ब्रिटनमध्ये लँड रोव्हरच्या जाळीवर जाड कापडी आच्छादन बांधतात. लडाखकडे पोते किंवा पुठ्ठा लावून तेच काम साधतात. उत्तर अमेरिकेत वीज लावून रात्रभर इंजिन उबदार ठेवण्याची साधने वापरात आहेत. नॉर्थ डकोटातील अँड्र्यू फ्रीमन यांच्या अशा साधनास १९४९ मध्ये पेटंट मिळाले. महाराष्ट्राच्या हवेत यांपैकी कशाचीच सहसा गरज पडत नाही. आच्छादन लावलेच तर चढणीपूर्वी ते काढण्याची आठवण ठेवावी लागते. येथील जुन्या जीपला हवा असतो तो आपल्या जागी असलेला, योग्य अंशास उघडणारा थर्मोस्टॅट. आणि तो बसविल्यावर पहिली काही मिनिटे काटा सावकाश चढत राहिला, तर ती त्या इंजिनाची प्रकृती समजून स्वस्थ राहावे.